जरूर असेल तोपर्यंत

माझ्या सासऱ्यांना गावात सगळे हवालदार म्हणत. पलटणीत ते हवालदार नव्हते, साधे खेचरवाले होते. पहिल्या मोठ्या लढाईत ते बसऱ्याला गेले, तिथं तीन वर्षं दारूगोळ्याची ओझी लादलेली खेचरं हाकली आणि उजवा गुडघा कायमचा अधू करून घेऊन परत आले. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली होती. गावातल्या पोरांना वाटायचं, हवालदारांच्या गुडघ्यात गोळी आहे. कोणी विचारलं तर ते सांगत, "गोळी न्हाई बाबा. नदी उतरताना खेचर अंगावर पडलं." सांगूनही कोणाला पटायचं नाही. लोकांना गोळीच बरी वाटायची.

मी त्यांना मामंजी म्हणायचे आणि सासूला आत्याबाई. मी चौदा वर्षांची होते, मराठी चौथी पास. त्या घरात वाचता येणारी मी एकटीच. माझे यजमान दोन वर्षं शाळेत जाऊन गुरांमागे लागलेले, आणि मामंजींना पलटणीत इंग्रजी अक्षरांत सही करायला शिकवली होती, तेवढीच. ती सही ते फार जपून करायचे. आधी बोटं धोतराला पुसायची, मग टाक धरायचा.

गाव नगरच्या उत्तरेला माळावर होतं. चाळीसेक घरं, एक मारुती, एक पीर, एक गोड्या पाण्याची विहीर. बाजरी व्हायची, हुलगा-मटकी व्हायची, एखाद्या वर्षी तेही नाही. पण मामंजी ते गाव सोडून एक रात्रसुद्धा बाहेर राहायचे नाहीत. लेकीच्या सासरी गेले तरी दिवस मावळायच्या आत परत. मला आधी हे विचित्र वाटायचं. एवढी समुद्रापार गेलेली माणसं, आणि शेजारच्या गावात मुक्काम करत नाहीत.

त्याचं कारण आत्याबाईंनी मला एकदा निवडण करताना सांगितलं. मामंजी बसऱ्याला होते त्या साली मानमोडीच्या तापाची साथ आली. घरात दोन मुलं होती, एक पाच वर्षांचा, एक तीन. चार दिवसांच्या अंतरानं दोघं गेले. गावात खड्डा खणायला धड माणूस उभा नव्हता. आत्याबाईंनी आणि मुलाणीबाबांनी मिळून दोघांना मळ्याच्या बांधावर निंबाखाली पुरलं. मुलाणीबाबा आमचे शेजारी, पिराची दिवाबत्ती तेच करायचे. मामंजींना पत्र गेलं ते पोचलंच नाही. सव्वा वर्षानं लंगडत घरी आले आणि दारातच विचारलं, "पोरं कुठं हायती?"

"मी काय सांगनार," आत्याबाई म्हणाल्या. "बांधाकडं बोट केलं."

त्यानंतर माझे यजमान झाले, नणंद झाली, आणि मामंजी घरात असे रुतले की गावातले पुरुष हसायचे. आत्याबाईंना ताप आला तर ते स्वतः पीठ मळून भाकरी थापायचे. जाड व्हायच्या, पण गोल. पलटणीत शिकले होते म्हणे. सुनेसमोर सासऱ्यानं चुलीपुढं बसणं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी पुढं झाले तर म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. तू बस. मला येतंय." त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. रोज सकाळी दाढी, घोंगडीची चौकोनी घडी आणि मग बांधावर निंबापर्यंत एक फेरी. तिथं ते काही करत नसत. उभे राहून परत यायचे.

दुसरी लढाई सुरू होऊन दोन-अडीच वर्षं झाली असतील. आमच्या माळावर पहिल्यांदा लष्कराच्या गाड्या आल्या. आधी डोंगरावर लाल बावटे लागले, मग तोफांचा सराव सुरू झाला. नगरजवळ चांदमारी होतीच, ती आमच्याकडं सरकत आली. बावटा दिसला की गुरं मागं घ्यायची, असं चार-सहा महिने चाललं. मग एक दिवस गोरा साहेब, त्याच्याबरोबर एक कारकून आणि दोन शिपाई गावात आले. गाव मारुतीपुढं जमलं. आम्ही बायका भिंतीआड.

साहेब काय बोलतो ते कारकून सांगत होता, पण तो असलं सरकारी मराठी बोलायचा की अर्धं डोक्यावरून जायचं. म्हणून पाटील म्हणाले, हवालदारांना बोलवा, त्यांना साहेबाची हिंदुस्थानी कळते. मामंजी घरात गेले. परत आले ते अंगात तो जुना खाकी कोट आणि छातीवर बसऱ्याचा बिल्ला लावून. मी तो कोट तोवर फक्त उन्हात वाळत घातलेला पाहिला होता. ते साहेबासमोर उभे राहिले, टाचा जुळवल्या, वाकड्या गुडघ्यानं जमतील तेवढ्या, आणि सलाम केला.

साहेबानं बिल्ल्याकडं पाहिलं. तोही सरळ उभा राहिला आणि त्यानं उलट सलाम केला. तो सलाम साधासुधा नव्हता. एखाद्या बरोबरीच्या माणसाला करावा तसा होता. मग त्यानं मामंजींचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी उभं केलं आणि विचारपूस केली, कुठली पलटण, कुठला मोर्चा. मामंजींचा चेहरा मी भिंतीच्या फटीतून पाहिला. वीस वर्षांत कोणी त्यांना नीट विचारलं नव्हतं, आणि त्यांनी नीट सांगितलं तरी कोणी ऐकलं नव्हतं. या माणसाला त्या नदीचं नावसुद्धा माहीत होतं.

शेवटी मामंजी गावाकडं वळून म्हणाले, "सायेब म्हनत्यात, गाव खाली करावं लागंल. तोफांच्या टप्प्यात येतंय. लढाई हाय तवर. लढाई संपली की ज्याचं त्याला माघारी."

"सायेब म्हनत्यात का तुमी?" कोणीतरी मागून विचारलं.

"सायेब म्हनत्यात. मी कानानं ऐकलंय."

आणि साहेब तसं म्हणाला होता, यात मला आजही शंका नाही. मामंजी नसलेलं सांगणारे नव्हते.

कारकुनानं कागद पुढं केला. इंग्रजी होता. पाटलांचा अंगठा, आणखी चौघांचे अंगठे, आणि खाली मामंजींची सही. त्यांनी बोटं धोतराला पुसली आणि सही केली.

लोक काही लगेच हलले नाहीत. पंधरा दिवसांची मुदत होती आणि दहा दिवस कोणी भांडं हलवलं नाही. मग मामंजीच घरोघर फिरले. लंगडत एकेका ओट्यावर जाऊन बसायचे, समजावायचे. दोन पावसाळ्यांचा प्रश्न आहे, फार तर तीन. दारं-चौकटी काढू नका, परत येऊन बसवायला त्रास. मुलाणीबाबा जायला तयार नव्हते. पिराला एकट्याला कोणाच्या भरवशावर ठेवू, असं त्यांचं म्हणणं. मामंजी त्यांच्याकडं दोन दिवस जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी मुलाणीबाबा म्हणाले, "हवालदार, सायबाचं मला कळत न्हाई. तुमी म्हनता म्हनून मी निघतो."

घरात आत्याबाई एवढंच बोलल्या, "पोरांना हितंच ठिवून जायाचं?"

"कायमचं जायाचं न्हाई गं. सरकारनं शब्द दिलाय. येनार हावोत आपन."

"शब्द सरकारनं दिला का तुमी दिला?"

मामंजींना तो प्रश्न कळला नसावा. तेव्हा त्या दोन्हींत त्यांना फरकच दिसत नव्हता.

गाव फुटलं. काही जण पाटाच्या पाण्याच्या भागात गेले, उसाच्या कामावर, राहात्याकडं. मुलाणीबाबा लेकीकडं पुणतांब्याला गेले. आम्ही आणि आणखी पाच-सहा घरं राहुरीच्या बाजूला एका गावाच्या कडेला गायरानात पाचटाच्या झोपड्या घालून राहिलो. यजमान दगडाच्या खाणीवर जायला लागले, मी आणि आत्याबाई लोकांच्या शेतात खुरपायला. ज्या बाईनं आपल्या विहिरीवर स्वतःच्या हातानं पाणी शेंदलं, ती दुसऱ्याच्या विहिरीवर कोणी पाणी वाढेल का म्हणून उभी राहायची. पिकाची भरपाई ज्याला त्याला मिळाली थोडीफार. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

त्या झोपडीत माझी पहिली मुलगी झाली. पावसाळ्यात पाचट गळायचं, जमिनीतून ओल यायची. यजमान म्हणाले, खाणीवरून फुटका दगड मिळतो, एक भिंत तरी घालू. मामंजींनी हात जोडल्यासारखं करून सांगितलं, "दोन पावसाळ्यांसाठी भिंत कशाला? आपली घरं हायेत की." दोनाचे तीन झाले, तीनाचे चार. दर वेळी तेच. आमच्या शेजारच्या घरांनी गुपचूप भिंती घातल्या. आमची झोपडी तशीच राहिली, कारण हवालदारांनी भिंत घातली असती तर सगळ्यांनाच कळलं असतं की परत जाणं नाही.

वारा पडलेला असला की तोफा ऐकू यायच्या. भांडी मांडणीवर थरथरायची. मामंजी कान देऊन ऐकायचे आणि कधीकधी कुठली तोफ तेही सांगायचे. आत्याबाई त्या वेळी उठून बाहेर जायच्या.

लढाई संपली. मामंजींनी दाढी केली, कोट घातला आणि पहिल्याच आठवड्यात नगरला कचेरीत गेले. संध्याकाळी परतले तेव्हा म्हणाले, साहेब बदलून गेलाय, कागद वर गेलेत. पुढच्या महिन्यात पुन्हा. मग पुन्हा. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत. वर्षभर त्यांनी हे केलं. तोफा चालूच होत्या. लोक त्यांच्याकडं येऊन विचारायचे, "हवालदार, काय झालं?" ते म्हणायचे, "कागद वर हायेत." पुढं पुढं लोक विचारताना हसायला लागले.

मग एकदा ते यजमानांना म्हणाले, "सूनबाईला संगट नेतो. तिला वाचता येतंय. कागद हाय तरी काय, एकदा बघू." यजमान मला खुणेनं म्हणाले, जा. मी वीस वर्षांची होते. मुलीला आत्याबाईंजवळ ठेवून मी पहिल्यांदाच सासऱ्यांच्या मागून नगरला गेले. गाडीत ते माझ्यासमोर बसले नाहीत. दोन बाकं सोडून बसले, मला अवघडायला नको म्हणून.

कचेरीतला कारकून भला माणूस होता. वयस्कर, चष्मा लावणारा. त्यानं मामंजींना इतक्यांदा पाहिलं होतं की त्यालाच लाज वाटत असावी. त्यानं कपाटातून बाड काढलं, दोरी सोडली आणि म्हणाला, "मूळ इंग्रजी आहे, पण मराठी नक्कल लावलेली आहे. वाच बाई तुला वाचायचं ते. इथंच उभी राहून वाच."

मी वाचू लागले. शब्द अवघड होते पण अक्षर स्वच्छ होतं. गावाचं नाव, सीमा, जमिनींचे नंबर. मग ओळ आली, की सदर जमिनी लष्करास जोपर्यंत जरूर असेल तोपर्यंत ताब्यात राहतील आणि यास गावकऱ्यांची राजीखुशीनं संमती आहे. खाली अंगठ्यांच्या जागा, आणि समजावून सांगणारा म्हणून मामंजींचं नाव.

मी थांबले.

"फुडं?" मामंजींनी विचारलं.

"लढाईचं कुठं लिव्हलंय ते वाच," ते म्हणाले.

मी कागद उलटला, पुन्हा पहिल्यापासून पाहिला. लढाई हा शब्द त्यात कुठंच नव्हता. तेव्हा मला खोटं वाचता आलं असतं. कारकुनाचं लक्ष दुसरीकडं होतं. लढाई संपेपर्यंत, असं मी म्हटलं असतं तर मामंजींनी मान हलवली असती आणि पुढचं वर्षही कचेरीच्या पायऱ्या चढले असते. पण मला शाळेत बोट ठेवून वाचायला शिकवलं होतं. मी बोट ठेवलं आणि वाचलं, "जरूर असेल तोपर्यंत."

"लढाई?"

"न्हाई मामंजी. लढाई न्हाई लिव्हलेलं."

त्यांनी माझ्या बोटाकडं पाहिलं. मग त्यांनी कारकुनाला विचारलं, "जरूर कवा संपती, रावसाहेब?"

कारकुनानं चष्मा काढला. "ते आमच्या हातात नाही," तो म्हणाला.

परत येताना मामंजी गाडीत माझ्यासमोरच बसले. दोन बाकं सोडून बसायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. राहुरीला उतरताना म्हणाले, "त्यो सायेब खोटं बोलला नसंल. त्याला बी कागद कोनी वाचून दाखवला नसंल." मला ते पटलं नाही. पण मी सून होते.

घरी त्यांनी आत्याबाईंना सरळ सांगितलं. मी चुलीपाशी होते. "आपन माघारी जात न्हाई. मी सही केली त्यात लढाईचं नव्हतंच." आत्याबाईंच्या हातात परात होती. त्यांनी ती खाली ठेवली, पीठ झाकलं आणि मुलीला उचलून बाहेर गेल्या. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. यजमान रागानं खाणीवरच राहिले दोन दिवस. आल्यावर बापाला म्हणाले, "चार वर्सं भिंत घालू दिली न्हाईत तुमी." मामंजी म्हणाले, "व्हय."

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. लोकांना आपोआप कळलंच असतं. मामंजींनी ठरवलं, ज्या ज्या घरी जाऊन आपण सांगितलं होतं तिथं जाऊन आता हे सांगायचं. सगळी घरं कुठं कुठं पांगली होती त्याचा पत्ता काढायलाच महिना गेला. यजमान म्हणाले, कशाला शिव्या खायला जाता. ते म्हणाले, "मीच सांगिटलं हुतं. दुसऱ्यानं कसं सांगावं?" कोट त्यांनी घातला नाही. साधा सदरा, खांद्यावर घोंगडी. चार-पाच ठिकाणी मला बरोबर नेलं, कारण कोणी कागदाबद्दल विचारलं तर वाचणारी मी होते.

राहात्याजवळ आमच्या गावची एक विधवा बाई उसाच्या फडाजवळ राहत होती. मामंजींनी उभ्यानंच सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "मला माहीत झालंय." तिनं आतून आपल्या मुलाला बोलावलं. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. उजवा हात मनगटापासून नव्हता. परत जायचंच आहे म्हणून तो आपलं घर बघायला माळावर गेला होता, आणि परसात पडलेली, न फुटलेल्या गोळ्याची पितळेची नळी उचलली होती. "घर बगून येतो म्हनला," ती म्हणाली. "हवालदारांनी सांगिटलंय, आपलंच हाय." मामंजी तिथं फडाच्या कडेला बसले. बाई थोड्या वेळानं म्हणाली, "सांगाया आलात, बरं केलंत. आता जावा." तिनं आम्हाला पाणी विचारलं नाही. आमच्याकडं दारात आलेल्या कोणालाही पाणी विचारतात.

पुणतांब्याला मुलाणीबाबा गोदावरीच्या काठाला लेकीच्या घराच्या पडवीत बसले होते. फार थकले होते, वयानं डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांनी मामंजींना शेजारी बसवून घेतलं, लेकीला चहा टाकायला सांगितला. मामंजींनी सगळं सांगितलं, कागदात काय आहे, लढाई कशी नाही.

"मला ठावं हुतं," मुलाणीबाबा म्हणाले.

"काय ठावं हुतं?"

"की माघारी येनं न्हाई. तवाच वाटलं मला. सरकार उठवतंय ते पुन्ना बसवाया न्हाई."

"मग निघालात का? मला बोलला का न्हाईत?"

मुलाणीबाबांनी हात हलवला. "तुमी दोन दिस येऊन बसलात. तुमच्या तोंडाकडं बगून न्हाई म्हनवंना."

शिव्या खाऊन ते इतके खचले नव्हते. राहात्याला, कोपरगावाकडं शिव्या पडल्या होत्या, एका ठिकाणी तर एकानं धक्का मारून ओट्यावरून उतरवलं होतं, तरी ते पुढच्या घरी गेले होते. पण पुणतांब्याहून परतताना स्टेशनवर ते मला म्हणाले, "तू जा म्होरं, मी येतो," आणि फलाटाच्या टोकाला जाऊन पाठ करून उभे राहिले. गाडी आली तेव्हा मला त्यांना हाताला धरून आणावं लागलं. सासऱ्यांचा हात मी पहिल्यांदा धरला तो असा.

उन्हाळ्यात आत्याबाई म्हणाल्या, "मला एकदा तिकडं न्या."

तोफा बंद असण्याचा दिवस बघून मामंजी, आत्याबाई आणि मी निघालो. माळाच्या तोंडाशी पहाऱ्यावर एक शिपाई होता, उत्तरेकडचा, कोवळा. त्यानं बंदूक आडवी धरली. मामंजी हिंदुस्थानीत म्हणाले, आत आमची दोन मुलं आहेत. शिपाई घाबरला. "किधर हैं बच्चे?" त्यानं माळाकडं पाहत विचारलं.

"मिट्टी में," मामंजी म्हणाले.

त्याला समजायला क्षणभर लागला. मग त्यानं बंदूक खांद्याला लावली आणि सांगितलं, एक तास, आणि खाली पडलेलं काही उचलायचं नाही.

गाव नव्हतं. भिंती कमरेएवढ्या उरल्या होत्या, काही तेवढ्याही नाहीत. घरांवर चुन्यानं आकडे घातलेले होते, नेम धरायला. विहीर बुजली होती. मळ्याचा बांध ओळखू येईना, जमीन अशी उलथीपालथी झालेली की चढ कुठं आणि उतार कुठं तेच कळेना. निंबाचं झाड नव्हतं. आत्याबाई विहिरीच्या खुणेवरून पावलं टाकत निघाल्या. थांबल्या. "हितं आसंल." मग पुढं गेल्या. "न्हाई, तिथं." असं त्यांनी चार-पाच वेळा केलं. ऊन डोक्यावर आलं होतं. मग त्या मामंजींकडं वळल्या.

"तुमी तर रोज यायचा. तुमाला ठावं आसंल की."

मामंजींनी इकडंतिकडं पाहिलं. "मी झाडापशी यायचो," ते म्हणाले. "झाडच न्हाई. आन् पुरलं तवा मी हुतो कुठं."

आत्याबाई तिथंच, जिथं उभ्या होत्या तिथं, खाली बसल्या. मामंजी त्यांच्याजवळ बसले. मी दूर उभी राहिले. ती दोघं काही बोलली की नाही मला ठाऊक नाही. तास संपल्यावर शिपायानं लांबून हाक दिली तेव्हा आत्याबाईंना उठता येईना, आणि मामंजींचा गुडघा वाकेना. दोघांना मीच उठवलं.

त्या पावसाळ्यात देश स्वतंत्र झाला. तिथल्या गावचे मास्तर आमच्या झोपडीपर्यंत आले आणि मामंजींना म्हणाले, तुम्ही जुने शिपाई, झेंडा तुमच्या हातानं चढवायचा. मामंजींनी नको म्हटलं. मास्तरांनी फार आग्रह केला. ते म्हणाले, "मास्तर, मी बगाया येतो. पन मला म्होरं उबं करू नका. मी म्होरं उबा राह्यलो की लोकं ऐकत्यात." ते आले आणि सगळ्यांच्या मागं बायकांच्या ओळीजवळ उभे राहिले.

पाऊस उघडल्यावर त्यांनी भिंत घालायला घेतली. कोणाला काही न सांगता. यजमान खाणीवरून फुटका दगड आणून टाकू लागले आणि मामंजी एकेक दगड फिरवून बसवू लागले. गवंडीकाम त्यांना येत नव्हतं. पहिली भिंत दोनदा ढासळली. तिसऱ्यांदा आत्याबाई उठल्या आणि दगड हातात द्यायला लागल्या. माळावरून आल्यापासून त्या दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. आता दगडापुरतं सुरू झालं. "ह्यो न्हाई, त्यो द्या." "त्याला एक बाजू हाय का?" "हाय." कधीकधी तासभर एवढंच चाललेलं मी ऐकलं आहे.

ते फार सावकाश काम करायचे. दिवसाला पाच-सात दगड. यजमान म्हणाले, गवंडी लावू, आठवड्यात होईल. मामंजी पुढचा दगड फिरवून बघू लागले. त्यांना दम लागायला लागला होता. गुडघा सुजायचा. मी एरंडाची पानं गरम करून द्यायचे, ती आत्याबाई बांधायच्या. माझ्या मुलीला ते मांडीवर घेऊन बसायचे तेवढा वेळ बरे दिसायचे. तिला त्यांनी बसऱ्याचं कधी काही सांगितलं नाही. खेचरांचं सांगितलं. खेचर घाबरलं की त्याच्या कानात काय बोलायचं, ते.

भिंत खिडकीएवढी आली आणि थंडीत ते अंथरुणाला लागले. सात-आठ दिवस ताप. शेवटच्या दोन दिवसांत ते गावातल्या घरांची नावं घ्यायचे, एकामागून एक, ओट्यांच्या क्रमानं, आणि एखाद्या नावापाशी थांबून मला विचारायचे, "हितं जाऊन आलो का आपन?" मी म्हणायचे, "व्हय मामंजी, आलो." काही ठिकाणी आम्ही गेलो नव्हतो. काहींचा पत्ताच लागला नव्हता. कचेरीत मला खोटं बोलता आलं नव्हतं, तिथं बोलता आलं. यात मी काय बरोबर केलं आणि काय चूक, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. दुपारी, उन्हं अंगणात असताना, ते गेले.

मातीला आमच्या जुन्या गावातले फार थोडे आले. निरोप सगळीकडं पाठवला होता. राहात्याच्या बाईचा तो मुलगा आला होता. चालत आला असावा, पाय धुळीनं भरले होते. त्यानं डाव्या हातानं चितेवर एक लाकूड ठेवलं आणि कोणाशी न बोलता परत गेला. तो का आला, आईनं पाठवला की स्वतःहून, हे मला कधी विचारता आलं नाही.

उरलेल्या भिंती यजमानांनी गवंडी लावून घालायला घेतल्या. सुरुवातीलाच गवंड्यानं विचारलं, दार कुठं काढू. माळ आमच्या दक्षिणेला. वारा तिकडून चांगला यायचा, म्हणून यजमान म्हणाले दक्षिणेला काढा. आत्याबाई आत उखळाजवळ बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तिकडं नगं. उत्तरंला काढा." गवंडी म्हणाला, उत्तरेला काढलं तर उन्हाळ्यात घर तापेल, वारा लागायचा नाही.

"तापू द्या," आत्याबाई म्हणाल्या.

घर तापायचं. आम्ही त्याच घरात बावीस वर्षं राहिलो.